बोक्यांच्या भांडणातून पसरणारा एफआयव्ही

मांजराच्या रक्ततपासणीत एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती हळूहळू खचवणारा फेलाइन इम्युनोडेफिशियन्सी व्हायरस, निघाला की घरात प्रश्न सुरू होतात. माणसाला होतो का? घरातल्या बाकीच्या मांजरांचं काय? आणि मग, जरा आवाज खाली आणून, ‘मगे ह्येका खंय तरी सोडून येवया काय?’

पहिल्याचं उत्तर स्वच्छ आहे. माणसाला एफआयव्ही होत नाही. कुत्र्याला होत नाही, गाईगुरांना होत नाही, कोंबड्यांना होत नाही. दुसऱ्याचं उत्तर बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा बरंच दिलासा देणारं आहे. तिसऱ्या प्रश्नासाठी मात्र मी हा लेख लिहिते आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावर नकोसं झालेलं मांजर पोत्यात घालून दूर सोडून येतात, आणि हा विषाणू पसरायला याहून सोयीची गोष्ट दुसरी नाही. असं का, हे कळायला तो मांजराच्या अंगात शिरतो कसा आणि तिथे करतो काय, हे आधी बघावं लागेल.

हा विषाणू १९८६ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावच्या मांजरांत सापडला. तिथे एकत्र राहणाऱ्या मांजरांपैकी काही अशक्त होत होती, त्यांना सतत काही ना काही जंतुसंसर्ग होत होता आणि ती मरत होती. प्रतिकारशक्ती खचवणारा फेलाइन ल्युकेमियाचा विषाणू तेव्हा माहीत होता, पण या मांजरांत तो मिळेना. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले नील्स पेडरसन, जॅनेट यामामोटो आणि त्यांचे सहकारी यांनी या मांजरांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा काढला आणि १९८७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध केली. माणसातला एचआयव्ही १९८३ मध्येच सापडला होता आणि जगभर त्याची धास्ती होती. नवा विषाणू त्याच लेंटिव्हायरस गटातला निघाला. त्यामुळे ‘मांजरांचा एड्स’ हे नाव चटकन रूढ झालं आणि माणसांच्या आजाराची सगळी भीती मांजराच्या वाट्याला आली. खरं तर विषाणू जुनाच होता. १९६८ सालच्या जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांतही पुढे त्याच्या खुणा मिळाल्या.

चावा लागतो तेव्हा

मांजराच्या सुळ्याची जखम बाहेरून बघितली तर एक बारीक छिद्र असतं. पण सुळा कातडीखाली खोल गेलेला असतो आणि त्याच्याबरोबर लाळही आत गेलेली असते. छिद्र एक-दोन दिवसांत मिटतं, आत पू धरतो, आणि काही दिवसांनी गालावर, मानेवर, पायावर किंवा शेपटीच्या मुळाशी गळू वर येतं. बोका पाळलेल्या कोकणातल्या कुठल्याही घराला हे गळू नवं नाही. पू करणारे जंतू वेगळे, ते औषधपाण्याने जातात. पण समोरचा बोका बाधित असेल तर त्याच चाव्यातून एफआयव्हीही आत उतरू शकतो, आणि तो मात्र जात नाही.

बाधित मांजराच्या लाळेत मोकळे विषाणू असतात आणि ज्यांच्यात विषाणू शिरलेला आहे अशा पांढऱ्या पेशीही असतात. चाव्यासरशी हे दोन्ही मांसात पोचतं. तिथून विषाणू जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत, म्हणजे जबड्याखाली, खांद्यापुढे, मांडीत ज्या गाठी असतात तिथपर्यंत नेला जातो. नेणाऱ्या पेशी शरीराच्याच असतात. घुसखोर पकडून गाठीत हजर करणं हेच त्यांचं काम, आणि या विषाणूला नेमकं गाठीतच जायचं असतं, कारण त्याला हव्या असलेल्या पेशी तिथे दाटीने असतात.

त्या म्हणजे मदतनीस टी पेशी. संसर्ग झाला की बाकीच्या संरक्षक पेशींना कामाला लावणाऱ्या या पेशी. त्यांच्या पृष्ठभागावर सीडी१३४ नावाचं एक प्रथिन असतं आणि एफआयव्ही आधी त्याला चिकटतो. मग सीएक्ससीआर४ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला धरतो आणि पेशीत शिरतो. सीडी१३४ ची ही भूमिका २००४ मध्ये उघड झाली. एचआयव्ही माणसाच्या पेशीत शिरताना आधी सीडी४ हे वेगळं प्रथिन धरतो. दोन विषाणू एका गटातले असले तरी प्रत्येकाची घडण आपापल्या यजमानाच्या पेशींशी जुळलेली आहे. मांजराला कुशीत घ्या, त्याला भरवा, त्याची लाळ हाताला लागू द्या, एफआयव्ही तुमच्या अंगात घर करू शकत नाही. बाधित मांजरांची वर्षानुवर्षं देखभाल करणाऱ्या, त्यांचे चावे खाल्लेल्या पशुवैद्यांतही माणसाला हा संसर्ग झाल्याचं एकही उदाहरण नोंदलेलं नाही.

पेशीत शिरल्यावर जे होतं त्यामुळे हा आजार कायमचा होतो. विषाणूची जनुकीय माहिती आरएनएच्या रूपात असते. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं विकर त्या आरएनएवरून डीएनए तयार करतं आणि इंटिग्रेज नावाचं दुसरं विकर तो डीएनए मांजराच्या पेशीच्या स्वतःच्या डीएनएत जोडून टाकतं. सातबाऱ्यावर कुणाचं नाव चढावं तसंच हे. माणूस मुंबईला निघून गेला, घर बंद पडलं, तरी उताऱ्यावर नाव राहतं आणि कधीही येऊन तो हक्क सांगू शकतो. रक्तात मोकळे विषाणू जवळजवळ नाहीसे झाले तरी पेशींच्या डीएनएतली ही नोंद पुसली जात नाही. पेशी शांत असेपर्यंत नोंदही गप्प असते. पेशी जागी झाली, वाढू लागली, की विषाणूच्या नव्या प्रती निघतात.

प्रती काढताना रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच्या हातून चुका होतात आणि त्या दुरुस्त होत नाहीत. त्यामुळे विषाणू सतत थोडा थोडा बदलत राहतो. जगात त्याचे ए, बी, सी, डी असे अनेक उपप्रकार आहेत ते यामुळेच, आणि सर्वांवर चालेल अशी लस बनवणं अवघड आहे तेही यामुळेच. अमेरिकेत २००२ मध्ये एक लस आली होती. तिचं संरक्षण सगळीकडे सारखं मिळेना. शिवाय लस घेतलेलं मांजर नेहमीच्या तपासणीत बाधितासारखंच पॉझिटिव्ह दिसायचं. पुढे अमेरिकेत आणि कॅनडात ती बंद झाली. तेव्हा टोचून मोकळं होता येईल असा हा आजार नाही.

वरवर धडधाकट, आतून हळूहळू

संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातले विषाणू झपाट्याने वाढतात. मांजराला थोडा ताप येतो, गाठी सुजतात, ते सुस्तावतं, खाणं कमी होतं. हे इतकं सौम्य असू शकतं की घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. ‘दोन दिवस माळ्यावर पडून होता, मग आला खाली’ एवढंच आठवतं. (इथेच सांगून ठेवते: मांजराला तापासाठी माणसाची पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका. मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही. एका गोळीनेही मांजर मरू शकतं.)

त्यानंतरचा काळ महिन्यांचा नसतो, बहुधा वर्षांचा असतो. मांजर खातं, उंदीर धरतं, कौलांवर फिरतं, तुळशीकट्ट्यावर ऊन खातं. आत मदतनीस टी पेशी हळूहळू घटत असतात, पण शरीर निभावून नेतं. अनेक बाधित मांजरं या टप्प्याच्या पुढे जातच नाहीत, ती म्हातारी होऊन दुसऱ्याच कारणाने जातात. चांगली निगा असलेल्या बाधित मांजराचं आयुष्य बाकीच्या मांजरांच्या आसपासच असतं. तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून धडधाकट मांजराला मारून टाकण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो मानू नका असं मी ठामपणे सांगेन.

ज्यांची प्रतिकारशक्ती खरोखर ढासळते त्यांच्यात सर्वांत आधी बहुतेकदा तोंड बोलतं. हिरड्या आणि घसा लालभडक होतो, तोंडाला घाण वास येतो, लाळ गळते. मांजर भुकेलं असतं, मासळी साफ करायला बसलं की धावत येतं, तुकडा तोंडात घेतं आणि ओरडून टाकून देतं. हे बघवत नाही. अशा वेळी ‘नखरे करतंय’ म्हणू नका, दुखतंय म्हणून ते खात नाही. औषधांनी बरं वाटतं, कधी दात काढावे लागतात आणि त्यानंतर तेच मांजर पुन्हा पोटभर खायला लागतं. याशिवाय वजन घटणं, न भरणाऱ्या जखमा, खरूज आणि बुरशी, वारंवार जुलाब, डोळ्यांच्या आत सूज, सर्दी न सुटणं, आणि काही मांजरांत लिम्फोमा हा कर्करोग. यातला कुठलाही आजार एफआयव्ही नसलेल्या मांजरालाही होतो, म्हणून नुसत्या लक्षणांवरून निदान होत नाही.

ताटली, चाटणं, पिल्लं

आता घरातल्या बाकीच्या मांजरांचा प्रश्न. एफआयव्ही शरीराबाहेर टिकत नाही. लाळ वाळली की तो निकामी होतो, साध्या साबणालाही तग धरत नाही. एका ताटलीत खाण्याने, एका गोणपाटावर झोपण्याने, एकमेकांना चाटण्याने तो पसरण्याची शक्यता फार कमी. पिसवा आणि डास तो नेत नाहीत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका निवारागृहातली १३८ मांजरं मोकळेपणी एकत्र राहत होती. त्यांतली ८ बाधित होती, आणि त्यांच्यापासून दुसऱ्या कुणाला संसर्ग झाल्याचं आढळलं नाही. जिथे मांजरं एकमेकांना रुळलेली आहेत आणि चावाचावी होत नाही, तिथे हा विषाणू अडकून पडतो. म्हणून घरात एक मांजर पॉझिटिव्ह निघालं तर भांडी वेगळी करण्यापेक्षा त्यांच्यात खरी मारामारी होते का हे बघा. फरशीला फिनेल ओतायचीही गरज नाही. फिनेल मांजरांना विषारी असतं, पायाला लागून चाटण्यात जातं.

आईकडून पिल्लांना संसर्ग होऊ शकतो, पण निसर्गात तो क्वचित होतो. भाटीला गाभण असतानाच नव्याने लागण झाली तर धोका वाढतो. मिलनात बोका भाटीची मानगूट दातांत धरतो, त्यातूनही शक्यता राहते. या साऱ्यापेक्षा भांडणातला चावा हा फार मोठा मार्ग आहे.

आकड्यांत हे स्पष्ट दिसतं. २००४ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या १८,००० हून अधिक मांजरांची तपासणी झाली, तेव्हा एफआयव्ही सुमारे २.५ टक्क्यांत होता. पण दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात चाव्याची जखम किंवा गळू घेऊन दवाखान्यात आलेली ९६७ मांजरं तपासली, तेव्हा प्रमाण सुमारे १२.७ टक्के निघालं. जवळपास पाचपट. बाहेर फिरणारा, नसबंदी न झालेला, प्रौढ बोका: सगळ्या देशांत सर्वाधिक धोका याचाच.

फेलाइन ल्युकेमियाचं मात्र वेगळं आहे. तो चाटण्यातून, एका ताटलीतूनही पसरतो आणि अधिक घातकही आहे. दवाखान्यातला झटपट किट बहुधा दोन्ही एकदम तपासतो, म्हणून ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे नक्की कशाचं, हे विचारूनच घरी या.

पोत्यातून सोडलेला बोका

हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो तेव्हा किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होड्या लागतात तेव्हा बघा, मांजरं कशी जागा धरून असतात. तारली, बांगड्याची मुंडकी, जाळ्यातून झटकलेली बारीक मासळी, खायला पुष्कळ. जिथे खाणं पुष्कळ तिथे मांजरं दाटीने राहतात, आणि रोजच्या ओळखीची असली तर बऱ्यापैकी सलोख्याने राहतात. भाट्या आपापल्या पिल्लांसह गट करून असतात. ठरलेले दोन-चार बोके हद्द सांभाळतात. त्यांचीही भांडणं होतात, पण बरीचशी गुरगुरण्यावर आणि शेपूट फुगवण्यावर मिटतात, कारण कोण भारी हे आधीच ठरलेलं असतं.

आता कुणाच्या तरी घरचा बोका आजारी पडतो, किंवा पडवीत मुतून वास करतो, किंवा तपासणीत एफआयव्ही निघतो. घरचे त्याला पोत्यात घालतात, वाट सापडून परत येऊ नये म्हणून खाडीपलीकडे नेतात आणि मासळी बाजारात सोडतात. त्यामागे दयेचा हिशेब असतो: तिथे उपाशी मरणार नाही. पण बोक्याच्या बाजूने बघा. तो परक्या हद्दीत उतरलेला असतो. तिथला प्रत्येक बोका त्याच्यावर तुटून पडतो, कारण याचं बळ कुणाला माहीत नाही, ते ठरवायचं आहे. या मारामाऱ्या गुरगुरण्यावर मिटत नाहीत, दातांवर जातात. सोडलेला बोका बाधित असेल तर तो बंदरावरच्या बोक्यांना विषाणू देतो. निरोगी असेल तर त्यांच्यातल्या बाधिताकडून घेतो, आणि कधी तग धरून, माग काढत घरी परतलाच तर वाडीत घेऊन येतो. घरात पडवीत झोपून राहिला असता तर ज्याने एकही मांजर बाधित केलं नसतं, त्याला आपणच रोग वाटत फिरायला लावतो.

मासेमारी बंदीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै, बंदरावरचं खाणं आटतं आणि ही मांजरं वाड्यांमध्ये शिरतात. घरोघरचे बोके आणि बंदरावरचे बोके समोरासमोर येतात. जखमा ओल्या हवेत चिघळतात, अळ्या पडतात. बोका पाळला असेल तर या दोन महिन्यांत त्याला रात्री घरात कोंडून ठेवा. आरडाओरडा करील, पण ठेवा.

यावरचा खरा उपाय साधा आहे: बोक्याची नसबंदी. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४२ प्रौढ बोक्यांची नसबंदी केल्यावर ८८ टक्के बोक्यांची भांडणं कमी झाली आणि ९४ टक्के बोक्यांचं भटकणं. पडवीतल्या वासाची तक्रारही बहुतेकदा याने सुटते, म्हणजे पोत्याचं मूळ कारणच जातं. ‘बोका आहे, त्याला काय पिल्लं होणार आहेत’ म्हणून आपल्याकडे फक्त भाटीचं ऑपरेशन करतात. एफआयव्हीच्या बाबतीत बोक्याचं ऑपरेशन आधी हवं, आणि ते भाटीच्या मानाने छोटं, स्वस्त असतं. मोकळ्या मांजरांची नसबंदी झाली की ओळख म्हणून कानाचं टोक सरळ कापतात. असं मांजर दिसलं तर ते कुणीतरी काळजीने उपचार करून सोडलेलं आहे, त्याला तिथून हलवू नका.

तपासणी कधी, आणि पुढे काय

झटपट किट विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं शोधतो. ती तयार व्हायला वेळ लागतो, बहुतेक मांजरांत ६० दिवसांपर्यंत. म्हणून बोका काल चावा खाऊन आला आणि आज तपासणी निगेटिव्ह आली, तर ती ६० दिवसांनी पुन्हा करावी लागते. उलट, बाधित आईच्या दुधातून पिल्लांना तिची प्रतिद्रव्यं मिळतात आणि विषाणू नसतानाही पिल्लू पॉझिटिव्ह दिसतं. अशी प्रतिद्रव्यं सहा महिन्यांपर्यंत रेंगाळू शकतात. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाबद्दल एका तपासणीवरून काहीही ठरवू नका. नंतर पुन्हा करा, बहुतेक पिल्लं निगेटिव्ह निघतात. धडधाकट प्रौढ मांजर पॉझिटिव्ह आलं तरी वेगळ्या बनावटीच्या किटने किंवा विषाणूची जनुकीय माहितीच शोधणाऱ्या पीसीआर तपासणीने एकदा खात्री करून घ्यावी.

विषाणू काढून टाकणारं औषध नाही. झिडोव्हुडिन हे एचआयव्हीचं औषध काही मांजरांना तोंडाच्या दुखण्यात उपयोगी पडतं, पण त्याने रक्त कमी होऊ शकतं, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. रोजची निगा याहून मोलाची. मांजर घरात ठेवा. कच्ची मासळी बंद करा आणि मुंडकी उकडून, काटे काढून द्या. मिठातली सुकी मासळी देऊ नका. जंत आणि पिसवांची औषधं वेळेवर द्या. महिन्यातून एकदा त्याला हातात घेऊन वजन करा आणि ओठ उचलून हिरड्या बघा. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवा. छोटी सर्दी, छोटी जखम असली तरी ‘बघू’ म्हणून थांबू नका.

आणि मांजरांची भांडणं सोडवताना तुम्हाला चावा बसला तर एफआयव्हीची चिंता नको, रेबीजची करा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही भरू नका, आणि त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करा. मांजर घरचं असलं तरी.